आकडा उतरला म्हणजे ती खचली, असे नाही

निवारागृहाच्या दारात उभी असलेली स्त्री तोवर आपली हकिकत पोलीस ठाण्यात, सरकारी रुग्णालयात आणि कधी कधी न्यायालयातही सांगून थकलेली असते. समुपदेशक म्हणून माझ्यासमोर येणाऱ्या अनेकींच्या बाबतीत नवऱ्याची मारहाण, दारूची किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय, जुना मानसिक आजार, डोक्यावर छप्पर नसणे आणि मुलांच्या ताब्याची टांगती तलवार हे सारे एकाच वेळी चालू असते. अशा स्त्रीला पहिल्याच दिवशी प्रश्नावली द्यावी लागते, कारण संस्थेला अहवाल पाठवायचा असतो.

मनःस्वास्थ्य मोजायला आम्ही जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची मापनपट्टी वापरतो. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, झोपेतून उठल्यावर ताजेतवाने वाटले का, अशा विधानांना शून्य ते पाच गुण द्यायचे आणि बेरजेला चारने गुणून शंभरपैकी आकडा काढायचा. ही पट्टी मला आवडते, कारण ती छोटी आहे आणि काय घडले हे विचारतच नाही. अडचण आकड्याच्या अर्थाची आहे. ‘बरी नाही’ म्हटले तर इथून काढतील, वेडी ठरवतील किंवा मूल काढून घेतील, या भीतीने कित्येकजणी पहिल्या दिवशी सगळीकडे चार-पाच गुण देतात. काही महिन्यांनी, कुणी हाकलत नाही अशी खात्री पटल्यावर, तीच स्त्री दोन किंवा एक गुण देते. अहवाल वाचणाऱ्याला ती घसरण दिसते. मला मात्र ते पुष्कळदा तिचे पहिले खरे उत्तर वाटते. अर्थात प्रत्येक उतार असा नसतो. न्यायालयातली तारीख, दारू सोडल्यानंतरचे दिवस किंवा माहेरून आलेला एखादा फोन यांनीही आकडा खरोखर खाली येतो, म्हणून त्या दोन आठवड्यांत काय घडले याची नोंद आकड्याशेजारी असलीच पाहिजे.

तपासणी स्वतःच इजा करू शकते, हे आपल्याकडे फार उशिरा मान्य झाले. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांतील ‘टू-फिंगर टेस्ट’, म्हणजे योनीत दोन बोटे घालून केली जाणारी तपासणी, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनी नाकारली, तरीही 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती करणाऱ्यांना गैरवर्तनासाठी दोषी धरण्याचे बजावावे लागले. कागदावरच्या प्रश्नांनी होणारी इजा इतकी उघड नसते. दाराकडे पाठ करून बसवणे, मुलाला दुसऱ्या खोलीत नेणे, कागद तिला दिसणार नाही असा धरून लिहिणे, एवढ्यानेही तिला पुन्हा जबाब चालू झाल्यासारखे वाटते.

नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांविषयी आहे. उत्तर ‘हो’ आले तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाशी बोलता येईल, अशी सोय असल्याशिवाय तो विचारू नये, असे माझे ठाम मत आहे. आपण सांगितलेले कोणापर्यंत जाऊ शकते हेही तिला आधी कळायला हवे. ‘पोलीस केस होईल’ या धास्तीने गप्प राहणाऱ्या स्त्रीला 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 115 सोप्या शब्दांत सांगावे: आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे कायदा उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरतो आणि त्या प्रयत्नासाठी तिला शिक्षा करत नाही.

रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी 2022 पासून लागू आहे, दीर्घकाळच्या मानसिक आघातानंतरच्या एका विकाराची स्वतंत्र नोंद आहे. भावना आवरता न येणे, स्वतःला कवडीमोल समजणे आणि नाती टिकवणे अवघड जाणे ही त्याची लक्षणे आमच्या निवारागृहाच्या नोंदवहीत ‘चिडकी’, ‘कुणात मिसळत नाही’ अशा शेऱ्यांत सापडतात. शेरे मारणाऱ्या ताईंना दोष देऊन उपयोग नाही. रात्रपाळीला त्या एकट्या असतात आणि हे त्यांना कुणी शिकवलेले नसते.

एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट मात्र मी हट्टाने पाळते. एखादे विधान तिने वगळले तर ती जागा शून्य धरून बेरीज करायची नाही. ‘उत्तर द्यायचे नाही’ असे लिहून एकूण आकड्याचा रकाना मोकळा सोडायचा, मग वरिष्ठ कार्यालयातून त्याबद्दल कितीही वेळा विचारणा झाली तरी.