तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या फोनमधलं ‘वाका-चिका’

भिशीत, पेन्शनरांच्या सभेत, एकदा तर ऐन सत्यनारायणाच्या कथेत माझा फोन वाजलाय, आणि प्रत्येक वेळी कुणी ना कुणी विचारलंच आहे, “अहो, ही कुठल्या हिंदी पिक्चरची ट्यून?” व्हिलन बॅग घेऊन पळतोय, मागे हिरो, आणि गिटार वाका-चिका करतंय, असे पिक्चर आपण सत्तरच्या दशकात पोटभर पाहिलेत. त्यामुळे शंका रास्त आहे. पण ही ट्यून १९७१च्या ‘शाफ्ट’ या अमेरिकन सिनेमाची, आयझॅक हेजने केलेली. मग पुढचा प्रश्न येतो, “तुम्ही तर बँकेत कर्जवसुलीला होतात, हा कुठे भेटला?”

वसुलीमुळेच जवळचा वाटला म्हणा ना.

हेज १९४२चा, टेनेसीतल्या कव्हिंग्टनचा. आजी-आजोबांनी वाढवला. लहानपणी शेतात कापूस वेचला, आणि शाळा पुरी व्हायला एकविसावं वर्ष उजाडलं. पुढे मेम्फिसला मांसाच्या कारखान्यात नोकरी, रात्री क्लबात वाजवणं, आणि तिथून स्टॅक्स. स्टॅक्स म्हणजे जुन्या सिनेमा थिएटरात थाटलेली रेकॉर्ड कंपनी. तिथे तो डेव्हिड पोर्टरच्या जोडीने दुसऱ्यांसाठी गाणी करायचा. १९६७च्या डेट्रॉइटच्या दंगलीत काळ्या लोकांच्या दुकानांवर ‘सोल’ असं रंगवलेलं त्याने टीव्हीवर पाहिलं. अर्थ एवढाच, की हे आपल्यातल्याचं आहे, हात लावू नका. त्यातून ‘सोल मॅन’ हे गाणं झालं.

१९६९ साली त्याची ‘हॉट बटर्ड सोल’ ही रेकॉर्ड आली. अख्ख्या रेकॉर्डवर फक्त चार गाणी! शेवटचं तर अठरा मिनिटांच्या वर जातं, आणि त्यातली पहिली आठेक मिनिटं तो गातच नाही. मागे ऑर्गनचा एक सूर धरून ठेवलेला, झांज हलकीशी टिकटिकतेय, आणि हा खर्जात, सावकाश, बायकोने फसवलेल्या एका नवऱ्याची गोष्ट सांगतोय. आपल्याकडे कीर्तनकार आख्यान लावतो, अगदी तसं. मुळात हे दुसऱ्याचं, तीनेक मिनिटांचं साधं गाणं. ते सुरू होईपर्यंत तो नवरा आपल्या ओळखीचा झालेला असतो. म्हणून पुढे तो सिनेमांत दिसू लागला, तरी ‘गायकाचा नट झाला’ असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. नट त्या आठ मिनिटांतच बसलेला आहे.

‘शाफ्ट’मध्येही त्याला खरं तर हिरोच व्हायचं होतं. संगीत देतो, पण ऑडिशन घ्या, असं त्याचं म्हणणं. भूमिका रिचर्ड राउंडट्रीला आधीच गेलेली, याच्या वाट्याला फक्त संगीत आलं. चार्ल्स पिट्सच्या गिटारचा तो ‘वाका-चिका’ तुकडा एका अर्धवट राहिलेल्या गाण्यातला पडून होता, तो याने उचलला. १९७२ला ‘शाफ्ट’च्या गाण्याला ऑस्कर मिळालं. गाण्याचं ऑस्कर मिळवणारा हा पहिला कृष्णवर्णीय संगीतकार. समारंभाला तो आजीला घेऊन गेला होता. त्याच सुमाराला स्टॅक्सने त्याला कॅडिलॅक दिली. सोन्याचा मुलामा, आत फर, टीव्ही आणि छोटा बार.

मी कर्जदारांच्या अशा गाड्या पाहिल्यात. गाडी बघूनच फाइल जाड होणार हे कळायचं.

स्टॅक्स डबघाईला आली, याचे पैसे अडकले, आणि १९७६ला त्याने दिवाळखोरी जाहीर केली. देणं साठ लाख डॉलरच्या वर. घर गेलं, सामान गेलं, ती गाडी गेली. इथवर मला नवल नाही. पण स्वतः लिहिलेल्या, गायलेल्या गाण्यांच्या पुढच्या सगळ्या रॉयल्टीवरचा हक्कही गेला. म्हणजे रेडिओवर ‘शाफ्ट’ वाजणार आणि पैसे भलत्याच्याच खात्यात! आमच्याकडे घराची, शेताची, ट्रॅक्टरची जप्ती व्हायची, तेव्हा पंचनाम्यात भांडीसुद्धा लिहिली जायची. माणसाचं गाणं त्या यादीत आलेलं मी पाहिलं नव्हतं.

जप्त करता आला नाही तो त्याचा आवाज आणि त्याचं गुळगुळीत टक्कल. अभिनय त्याने आधीच सुरू केला होता. १९७४च्या ‘ट्रक टर्नर’मध्ये तो जामीन बुडवून पळालेल्यांना धरून आणतो, म्हणजे आमच्याच खात्यातला म्हणायचा. पण पुढे अभिनय हा पोटाचाही प्रश्न झाला असणार. ‘रॉकफर्ड फाइल्स’ या टीव्ही मालिकेत तो तुरुंगातून सुटलेला गँडी. १९८१च्या ‘एस्केप फ्रॉम न्यू यॉर्क’मध्ये सगळं शहरच तुरुंग झालंय आणि हा तिथला सर्वेसर्वा, ड्यूक. फिरतो कशातून? कॅडिलॅकमधून, आणि तिच्या बॉनेटवर दोन झुंबरं लावलेली! ते दृश्य पाहताना मी एकटीच हसले, आणि मग हसू आवरलं.

१९९७पासून ‘साउथ पार्क’ या कार्टूनमध्ये तो शाळेच्या स्वयंपाक्याचा आवाज होता. नातवंडांच्या पिढीला तो तेवढाच माहीत. त्या स्वयंपाक्याचं एक अचकटविचकट गाणं ब्रिटनमध्ये चक्क पहिल्या नंबरवर गेलं. २००६ला, त्याच कार्टूनमध्ये त्याच्या सायंटॉलॉजी पंथाची टिंगल झाल्यावर, तो कार्टूनमधून बाहेर पडला. राजीनामा त्याच्या नावाने दुसऱ्यांनीच दिला, तो तेव्हा पक्षाघातातून उठत होता, असं त्याच्या मुलाने नंतर सांगितलं. १० ऑगस्ट २००८ला तो मेम्फिसजवळच्या आपल्या घरी वारला.

ती गाडी आता मेम्फिसच्या स्टॅक्स म्युझियममध्ये आहे, गोल फिरत्या चौथऱ्यावर.

आणि हो, रिंगटोनमध्ये हेज का गात नाही, हेही विचारता. ‘शाफ्ट’च्या कापून छोट्या केलेल्या आवृत्तीतही दीड मिनिट उलटून गेल्याशिवाय त्याचा आवाज येत नाही. तेवढा वेळ फोन वाजत नाही, आणि वाजलाच तर शेजारची दामटते, “उचला ना हो आता!”