नक्षी नव्यासारखी होती, तरी टायर फुटला

२०२४ च्या उन्हाळ्यात हायवेवर आमच्या ट्रेलरचा (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) उजवीकडचा मागचा टायर फुटला. नवरा चालवत होता, मी शेजारी, एकदम धाडकन आवाज आला आणि मग मागून फट फट फट असं काहीतरी आपटायला लागलं, आरशात बघते तर काळे तुकडे उडतायत. नवऱ्याने ब्रेक दाबला नाही हे फार बरं केलं. स्टीअरिंग घट्ट धरून ठेवलं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि वेग आपोआप कमी झाल्यावर गाडी कडेला घेतली. उतरून बघितलं तर टायरचा वरचा अख्खा पट्टा सोलून निघालेला, त्याने फटके मारून मारून चाकावरचं कव्हर फाडलं, खालचा पत्रा वाकवला आणि सांडपाण्याच्या टाकीचा पाइप तोडला. टायर एक गेला, दुरुस्ती त्याच्या कितीतरी पट झाली.

आणि त्या टायरची नक्षी जवळजवळ नवी होती. गोटा झालेला टायर फुटला असता तर समजण्यासारखं होतं, पण हा तर चांगला होता ना, असं मी रस्त्याच्या कडेला उभी राहून दादाला फोनवर सांगत होते. दादा आमच्या आधीपासून ट्रेलर ओढतोय. त्याने पहिलाच प्रश्न केला, "अगं, तारीख बघितलीस का?"

"कसली तारीख?"

"टायरची. टायरच्या बाजूवर डीओटी अशी अक्षरं आहेत ना, त्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाच."

आमच्या टायरवर पूर्ण कोड आतल्या बाजूला होता, म्हणून मला चटई टाकून ट्रेलरखाली सरकावं लागलं, मोबाइलचा टॉर्च लावला, बोटाने धूळ पुसली तेव्हा दिसलं, ३४१७. म्हणजे २०१७ चा ३४ वा आठवडा, टायर जवळजवळ सात वर्षांचा. आणि आता इतक्या जवळून बघत होते म्हणून आणखी एक दिसलं, दुसऱ्या टायरच्या साइडवॉलवर म्हणजे बाजूच्या भिंतीवर, रिमच्या जवळ केसासारख्या बारीक भेगा गोल गोल फिरलेल्या. उभं राहून त्या कधीच दिसल्या नसत्या. ट्रेलर आम्ही सेकंडहँड घेतला होता, विकणाऱ्याने टायर मस्त आहेत म्हणून सांगितलं, आम्ही नक्षी बघितली आणि मान डोलावली.

ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, वयाने मरतात. वर्षातले बरेच महिने ट्रेलर एका जागी उभा असतो, वरून ऊन, खालून ओल, रबर आतून वाळत जातं, नक्षी मात्र तशीच राहते. कारमध्ये आपल्याला नक्षी बघायची सवय लागलेली असते आणि तीच सवय इथे घात करते. मी आता पाच वर्षं झाली की बदलायचे असं ठरवलंय, मग वापर कितीही कमी झालेला असो.

पण नुसतं वयच नाही. दादा म्हणाला नवे टायर घेण्याआधी वजन कर, अंदाजाने घेऊ नकोस. म्हणून मग आम्ही पाण्याची टाकी भरून, सगळं सामान ठेवून, म्हणजे ट्रिपला निघतो तसाच ट्रेलर वजनकाट्यावर नेला आणि एकेका चाकाचं वेगळं वजन करून घेतलं. (स्टेपनी लावून गेलो होतो, तिच्याबद्दल पुढे लिहिते.) पाउंडात लिहितेय कारण ट्रेलरच्या स्टिकरवरचे आकडे माझ्या डोक्यात तसेच बसलेत. डावं पुढचं १३८०, डावं मागचं १४३०, उजवं पुढचं १६१०, उजवं मागचं १७९०. ट्रेलरची एकूण मर्यादा ७०००, चार चाकांवर मिळून ६२१० आणि उरलेलं साधारण ७६० हुकावर म्हणजे गाडीवर, त्यामुळे एकूण हिशोबात आम्ही बरोबर बसत होतो. एकेका एक्सलची (डावं-उजवं चाक जोडणाऱ्या दांड्याची) मर्यादा ३५०० ची, तीही ओलांडलेली नाही.

आता टायर बघा. कंपनीतून आलेला साइज एसटी २०५/७५आर१४, लोड रेंज (टायर किती भार पेलतो ते सांगणारं अक्षर) सी, एका टायरची क्षमता १७६०, आणि तीसुद्धा थंड टायरमध्ये पूर्ण ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असेल तरच. चार टायरचे होतात ७०४०, मर्यादा ७०००. कागदावर बसतं, पण वजन चार चाकांवर सारखं वाटलं गेलं असेल तर. आमच्या ट्रेलरमध्ये किचन, फ्रीज आणि पाण्याची टाकी सगळं उजवीकडे, त्यामुळे उजव्या मागच्या टायरवर क्षमतेपेक्षा ३० पाउंड जास्त होते. त्यात निघताना हवा मी हाताने दाबून बघितली होती. हे लिहितानासुद्धा मला वाईट वाटतं कारण मागच्या सीटवर मुलं होती. बाकीच्या तीन टायरची हवा दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना मोजली तर ४१, ४३, ४१. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला वाकते, वाकून वाकून गरम होते आणि त्या उष्णतेने आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात. वय, वजन आणि कमी हवा, तिन्ही एकाच चाकावर जमा झालं होतं आणि फुटलं तेही तेच चाक.

अजून एक गोष्ट जी मला आधी माहीत नव्हती. दोन एक्सलच्या ट्रेलरची चाकं वळत नाहीत ना, मग तुम्ही ट्रेलर रिव्हर्स घेऊन जागेत लावता तेव्हा काय होतं ते एकदा खाली वाकून बघाच. नवरा मागे घेत होता आणि मी चाकाशेजारी बसले होते. पुढचं चाक एकीकडे खेचलं जातं, मागचं दुसरीकडे, टायर खाली रस्त्याला चिकटलेला आणि रिम बाजूला सरकलेली, साइडवॉल अशी तिरपी दुमडते की वाटतं आता रिममधून निघतोय. खडी करकरते. आतल्या पट्ट्यांवर हा ताण प्रत्येक तीव्र वळणाला येतो. म्हणूनच कारचा टायर साइज जुळला तरी ट्रेलरला लावू नये असं माझं ठाम मत आहे. त्याची साइडवॉल मऊ असते, ती कारमध्ये बसणाऱ्यांना आराम वाटावा म्हणून. शिवाय कारचा टायर ट्रेलरला लावला तर त्याची लिहिलेली क्षमता १.१ ने भागून धरायची असते, म्हणजे तिथेही घट. एका दुकानात मला तेच टायर दाखवले, चार दिवसात मिळतील म्हणाले, मी नको म्हटलं.

एसटी म्हणजे खास ट्रेलरसाठी बनवलेला, एलटी म्हणजे हलक्या ट्रकचा. मोठ्या ट्रेलरवाले, १६ इंची रिमवाले, बरेच जण एलटी लावतात आणि खूश असतात, फक्त क्षमता नीट बघून घ्या कारण जवळपासच्या साइजमध्ये एलटीची क्षमता बहुतेक वेळा एसटीपेक्षा कमी असते. आम्हाला १४ इंचीत तो विचारच करायचा नव्हता.

लोड रेंजचं अक्षर सगळ्यात कामाचं. सी म्हणजे ५० पीएसआय, डी म्हणजे ६५, ई म्हणजे ८०. आमच्याच साइजमध्ये डी घेतला की क्षमता १७६० वरून २०४० होते, बाहेरचा आकार तोच, त्यामुळे दोन टायरमधली जागा, वरची जागा, काही बदलत नाही. पण ही वाढ हवेतून येते, डी टायर आणून त्यात ५० च हवा भरलीत तर वाढीव क्षमता मिळणार नाही. आणि मग ६५ पीएसआय सोसणारी रिम आणि व्हॉल्व्हही पाहिजे! रिमच्या मागे तिची मर्यादा कोरलेली असते, टायर काढलेला असतानाच बघून घ्या. आमची रिम चालत होती, पण रबरी व्हॉल्व्ह साधे होते, त्यांची मर्यादा बरोबर ६५, म्हणजे काठावर, म्हणून मी मेटलचे व्हॉल्व्ह लावून घेतले. दुकानदार म्हणाला गरज नाही. मी म्हटलं लावाच.

मग ब्रँड. यावर लोक तासन्‌तास भांडतात. ट्रेलरवाल्यांमध्ये स्वस्त टायरांना चायना बॉम्ब म्हणायची पद्धत आहे. मला वाटतं त्यात थोडं खरं आहे आणि बरंचसं नाही, कारण सातव्या वर्षात, कमी हवेवर, जास्त वजनाखाली कुठल्याही देशातला टायर टिकणार नाही. तरी सगळ्यात स्वस्त मी घेतला नाही. मॅक्सिस बघितला, कार्लाइल बघितला आणि शेवटी गुडइयर एन्ड्युरन्स घेतला, जो २०१७ मध्ये बाजारात आला. मला त्याचं स्पीड रेटिंग आवडलं, एन, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. ट्रेलर घेऊन त्या वेगाने कोणी जाऊ नये, आम्ही शंभरच्या खालीच असतो, पण जुने एसटी टायर ताशी ६५ मैल म्हणजे साधारण १०५ धरून बनवलेले असायचे आणि मर्यादेपासून जितकं लांब तितकं टायर कमी तापतो.

नवे टायर घेतानाही तारीख वाचा हे मात्र अगदी कळकळीने सांगते. मला पहिल्यांदा काढून दिलेले टायर चौदा महिन्यांपूर्वीचे होते, गोडाऊनमध्ये पडून. पाच वर्षांतलं एक वर्ष मी वापरायच्या आधीच संपलेलं. मी परत दिले, दहा दिवस थांबले, तीन महिन्यांचे मिळाले.

किती बदलायचे यावरही घरात चर्चा झाली, नवरा म्हणत होता की फुटलेला एक आणि भेगावाला एक बदलू. दादाने सांगितलं तसं करू नका, एक फुटला की थांबेपर्यंत त्या बाजूचं सगळं वजन दुसऱ्या टायरवर येतं, आमच्या बाबतीत म्हणजे १७६० च्या टायरवर ३४००. दुकानात तो उजवा पुढचा टायर काढून फिरवला तर आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगा आलेला होता. वजनकाट्यापर्यंत आणि दुकानापर्यंत आम्ही त्याच्यावरच गेलो होतो. यानंतर चर्चा संपली, चारही बदलले, आणि स्टेपनी पाचवी. स्टेपनीवर पण ३४१७ च होतं, कव्हरखाली झाकलेली म्हणून दिसायला चकचकीत, बरेच लोक तिला विसरतात.

बॅलन्सिंग करून घेतलं. टूलबॉक्स आणि पुस्तकांचा खोका उजवीकडून डावीकडे पुढे हलवला आणि परत वजन केलं, उजवं मागचं १७०० वर आलं, म्हणजे २०४० च्या टायरला साधारण १७ टक्के मोकळीक. पंधरा ते वीस टक्के ठेवावी असं दादाचं म्हणणं.

टायरच्या हवेचे सेन्सरपण बसवले, व्हॉल्व्हवर फिरवून लावायचे असतात, त्यांचं वजन पेलायला मेटल व्हॉल्व्हचा आणखी एक फायदा झाला. पहिल्या ट्रिपला सकाळी सावलीत, टायर थंड असताना ६५ भरली. १० मैलांवर थांबून टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) चाकांचे नट आवळले, दोन नट थोडे फिरले, २५ ला एकही नाही, ५० ला पण नाही. दुपारी चालू गाडीत स्क्रीनवर डावीकडचे ७१ आणि उजवीकडचे ७३ दिसत होते, मी घाबरून नवऱ्याला थांबायला लावलं, उतरून हात लावून बघितला तर ऊन उजवीकडून येत होतं एवढंच. दोन तासांनी रस्ता वळला, ऊन मागे गेलं आणि चारही ७१ वर आले.