सभापटलावर ठेवलेला दिवस

फोंड्याजवळच्या आमच्या गावातील वाचनालयाचा मी सोळा वर्षे चिटणीस होतो आणि त्या काळात मी मुख्यतः एकच काम केले, ते म्हणजे इतिवृत्त लिहिणे. सभेत सगळे कोकणीत बोलत, मी ते मराठीत उतरवून घेई, आणि पुढच्या सभेत वाचून दाखवले की मागच्या वेळी टेबलावर मूठ आपटणारा गृहस्थच ‘या विषयावर सविस्तर चर्चा झाली’ हे वाक्य ऐकून समाधानाने मान डोलावी. बोलणे एका भाषेत आणि लिहिणे दुसऱ्या भाषेत, यात गोव्यातल्या माणसाला नवल वाटत नाही. आता हातात इतिवृत्ताची वही उरलेली नाही, पण डोळ्यांची सवय गेलेली नाही. म्हणून पावसाळी अधिवेशन सुरू झाले की बाहेर मिरगापासून लागलेली झड चालू असते आणि मी संसदेच्या वाहिनीवर राज्यसभा पाहत बसलेला असतो.

लोकसभा सोडून राज्यसभाच का, असे घरात विचारतात. लोकसभेत आपले दोन आहेत, इथे एकच. एकट्या माणसावर लक्ष ठेवणे सोपे जाते, असे मी सांगतो. हा एकुलता एक सदस्यही आपल्याला उशिराच मिळाला. 30 मे 1987 रोजी गोवा घटक राज्य झाले, त्यानंतर वरिष्ठ सभागृहात आपली खुर्ची लागली. ते सभागृह मात्र 1952 पासून भरत होते. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही, दर दोन वर्षांनी तिचे सुमारे एक-तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, असे नागरिकशास्त्रात शिकवतात. गोव्याला हे गणित लागू पडत नाही. आपले सदस्य निवृत्त होतात तेव्हा सगळेच्या सगळे होतात, नाहीतर कोणीच होत नाही.

सकाळी अकराला सभापती आत येतात, सगळे उभे राहतात, नमस्कार होतात आणि कागदांना सुरुवात होते. एकेक मंत्री उठतो, कुठला अहवाल, कुठली अधिसूचना हे सांगतो, ते ‘सभापटलावर’ ठेवतो आणि बसतो. पूर्वी हे करताना इंग्रजीत ‘आय बेग टु ले’ म्हणायची रीत होती. 15 डिसेंबर 2017 रोजी तेव्हाचे सभापती व्यंकय्या नायडू यांनी सदस्यांना सांगितले की ही याचनेची भाषा सोडा, हा स्वतंत्र भारत आहे. मला ते पटले, पण तेवढ्याने कागदाचे नशीब बदलले असेल असे वाटत नाही. ‘वार्षिक हिशेबाचा तक्ता सभेपुढे ठेवण्यात आला’ असे मी सोळा वेळा लिहिले आहे, आणि तो तक्ता उचलून पाहणारा माणूस सोळा वर्षांत मला एकदाच भेटला. तोही बेरीज तपासायला नव्हे, कागदाची एक बाजू कोरी आहे का ते पाहायला आला होता.

त्यानंतरचा शून्य प्रहर, म्हणजे सदस्यांनी आपापले तातडीचे विषय मांडायची वेळ, हा माझा आवडीचा भाग. कोणा सदस्याच्या जिल्ह्यात रेल्वेगाडी थांबत नाही, कोणाकडे समुद्र किनारा खातो आहे, कोणाच्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले आहेत. ज्याचे नाव पुकारले जाते त्याला तीन मिनिटे मिळतात आणि ती सरली की ध्वनिक्षेपक आपोआप बंद पडतो. ओठ हलत राहतात, हात हवेत राहतो आणि आवाज नसतो. मग बाकीचे सदस्य हात वर करून ‘मी या विषयाशी स्वतःला संलग्न करतो’ असे सांगतात आणि त्यांची नावे नोंदली जातात. ही युक्ती मला तेव्हा कळायला हवी होती, कारण आमच्याकडे प्रत्येक जण ‘मला तेच म्हणायचे आहे’ असे म्हणून तेच पुन्हा पंधरा मिनिटे म्हणत असे. आमच्या रविवारच्या ग्रामसभेत अशी कळ बसवली तर अर्ध्या गावाची शीतकडी, म्हणजे भात-आमटीचे जेवण, वेळेवर होईल. पण ती कळ दाबणाऱ्या सरपंचाला पुढची निवडणूक जड जाईल.

प्रश्नोत्तरांचा तास पूर्वी अकरालाच असे. सकाळच्या गोंधळात तो वाहून जाऊ लागला, तेव्हा 2014 मध्ये राज्यसभेने तो दुपारी बारावर नेला. गोंधळही काही दिवसांत बाराला येऊ लागला. रोज पंधरा तारांकित प्रश्न असतात. त्यांची तोंडी उत्तरे मिळायची असतात, पण पंधराव्यापर्यंत गाडी पोहोचलेली मी क्वचित पाहिली आहे. त्यांखेरीज एकशे साठ अतारांकित प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे मुकाट्याने, लेखी येतात. चिटणिसाच्या नजरेने पाहिले तर माहितीचा खरा साठा या मुक्या उत्तरांतच असतो, पण त्यासाठी वाहिनी कोण लावणार?

जुलै 2018 पासून राज्यसभेत कोकणीसाठीही दुभाष्याची सोय झाली. आधी सूचना दिली की सदस्य आपल्या भाषेत बोलू शकतो आणि इतरांना ते कानातल्या यंत्रावर समजते. ही बातमी वाचली तेव्हा मला आमची ती बैठकीची खोली आठवली, जिथे ऐकणारा, भाषांतर करणारा आणि लिहून घेणारा मी एकटाच होतो. दिल्लीत त्यासाठी तीन वेगळी माणसे आहेत.

लघुलेखकांविषयी तर मला सख्ख्या भावासारखी आपुलकी वाटते. चाळीस जण एकदम ओरडतात, फलक फडकतात, कोणी सभापतींच्या आसनापुढे धावतो, आणि छापील वृत्तांतात एवढेच उरते: टिंबे, कंसात ‘व्यवधान’, पुन्हा टिंबे. सभापतींनी वगळायला लावलेल्या शब्दाच्या जागी तर एक चांदणी येते. मी ‘सविस्तर चर्चा झाली’ लिहीत होतो ते काही फार वेगळे नव्हते, पण चांदणी मला सुचली नाही. दोन-तीन आडनावांपुढे ती शोभली असती.

शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकांची, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी आणलेल्या विधेयकांची, पाळी येते. बाकडी रिकामी होऊ लागतात, गणपूर्तीचे पंचवीस भरतात की नाही अशी स्थिती येते, आणि कोणी एक सदस्य, ज्याला आपले विधेयक मंजूर होणार नाही हे पक्के ठाऊक असते, तो अर्धा तास मन लावून बोलतो. 1970 नंतर असे एकही विधेयक कायदा झालेले नाही. तृतीयपंथीयांच्या हक्कांचे तिरुची शिवा यांचे विधेयक 24 एप्रिल 2015 रोजी राज्यसभेने मंजूर केले तेव्हा क्षणभर आशा वाटली, पण लोकसभेत ते मंजूर झाले नाही. तरी पुढच्या शुक्रवारी कोणीतरी कागद घेऊन उभा राहतोच. रिकाम्या खुर्च्यांसमोर ग्रंथखरेदीचा ठराव मांडणारे आमचे एक मास्तर होते, त्यांची मला अशा वेळी हटकून आठवण येते.

संध्याकाळी मागून कोणीतरी विचारते, “आज कितें जालें थंय?” तोवर आवाजी मतदान आटोपून सभागृह उठलेले असते. वृत्तांताच्या शेवटी ते किती वाजता उठले याची नोंद असते आणि तीही ‘सिक्स ऑफ द क्लॉक’ अशा जुन्या थाटात. मी इतिवृत्तात सभा संपल्याची वेळ कधी घातली नाही. शेवटचा ठराव झाला तरी मंडळी बाहेर पायरीवर पाऊस थांबायची वाट पाहत उभी असत, आणि हिशेबाच्या तक्त्यातली चूक नेमकी तिथे निघत असे.