आमची वाटचाल: कॅपच्या आधी ट्रे

मिरज हे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे इथं डेंटल लॅब, म्हणजे दातांच्या कॅप आणि कवळ्या बनवायची जागा, काढली तर कामाला तोटा नाही, असं सगळे सांगत होते. वीसेक वर्षांपूर्वी भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही सुरुवात केली. काम खरंच होतं, पण त्यातलं बरंचसं एसटीनं यायचं. जत, कवठेमहांकाळ, विट्याकडचे डॉक्टर अल्जिनेट या मऊ मटेरियलमध्ये दातांचं माप, म्हणजे ठसा, घ्यायचे, पिशवीत गुंडाळून गाडीत ठेवायचे आणि फोन करायचे, "गाडी निघाली."

अल्जिनेट म्हणजे बहुतांश पाणीच. उघडं राहिलं की पाणी सोडून आकसतं, फार ओल्या कापसात ठेवलं की पाणी पिऊन फुगतं. माप निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत स्टोन, म्हणजे दातांचं मॉडेल बनवायचं कडक प्लास्टर, ओतलेला बरा. मे महिन्यात जतहून निघालेलं माप आमच्या हाती येईपर्यंत त्याच्या कडा वाळलेल्या असत. म्हणून आम्ही स्टोनच्या 100 ग्रॅमच्या पुड्या बांधल्या, 30 मिली पाण्याची खूण केलेलं भांडं सोबत दिलं आणि डॉक्टरांना दवाखान्यातच मॉडेल ओतायला सांगितलं. कवळी आणि कॅपखेरीज आम्ही विकलेला पहिला माल तो.

पुढं कॅप आणि ब्रिजची (शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेल्या दातांची) कामं वाढली तशी सिलिकॉन या रबरासारख्या मटेरियलची मापं येऊ लागली. स्वस्तातलं कंडेन्सेशन सिलिकॉन घट्ट होताना अल्कोहोल सोडतं, म्हणून नंतरही आकसत राहतं. अॅडिशन सिलिकॉनला ती खोड नाही. चांगल्या कंपनीचं असेल तर आठवड्यानं ओतलं तरी चालतं. आता प्रवासाची चिंता मिटली, असं आम्हाला वाटलं. एका डॉक्टर मॅडमची पुट्टी, म्हणजे कणकेसारखं हातानं मळायचं सिलिकॉन, मात्र कायम चिकट राहायची आणि त्या सप्लायरवर चिडायच्या. कारण निघालं लॅटेक्सच्या हातमोज्यांत. त्यातलं गंधक पुट्टीला घट्ट होऊ देत नाही. व्हिनाइलचे मोजे वापरल्यावर तक्रार संपली.

खरं डोकं खाल्लं ते ट्रेनं, म्हणजे मापाचं मटेरियल भरून तोंडात घालायच्या साच्यानं. मापात बुडबुडा नाही, फाटलेलं नाही, मार्जिन, म्हणजे कॅप जिथं संपते ती दातावरची कड, कोरल्यासारखं स्पष्ट. मॉडेलवर कॅप झकास बसायची आणि तोंडात अडायची. डॉक्टर म्हणत, लॅबची चूक. अशी परत आलेली कामं आम्ही बाजूला काढून बघू लागलो, तेव्हा ध्यानात आलं की बहुतेक मापं पातळ प्लास्टिकच्या ट्रेमधली आहेत. जड पुट्टी दाबली की त्या ट्रेच्या भिंती बाहेर फाकतात. तोंडात असेपर्यंत तशाच राहतात, बाहेर काढल्यावर पूर्ववत आत येतात. मग डाय, म्हणजे मॉडेलवरचा तो दात, गाल ते जीभ या दिशेनं अरुंद निघते. डोळ्यांना काहीच दिसत नाही, हीच त्यातली मेख.

त्यात लहान ट्रे घेतलेला असला तर दात थेट भिंतीला टेकलेला, मध्ये मटेरियलच नाही. मटेरियल ट्रेला धरून ठेवणारं अॅडहेसिव्ह लावून ते वाळायच्या आत मटेरियल भरलं तर काढताना माप ट्रेपासून सुटतं.

एक कॅप रिपीट म्हणजे आमची मजुरी गेलीच, पण पेशंटचा गाडीखर्च आणि बुडालेला रोज कोण भरणार? आम्ही धातूच्या रिमलॉक (मटेरियल अडकून राहील अशी कड असलेल्या) ट्रेचे वेगवेगळ्या साइजचे संच घेतले आणि नेहमीच्या डॉक्टरांना वापरायला दिले. शंका असलेल्या मापाचा फोटो ओतण्याआधीच पाठवायचा, असं ठरवलं. काही डॉक्टरांना ते आवडलं नाही. त्यांची कामं दुसरीकडं गेली. जे राहिले त्यांची रिपीट मात्र लक्षात येण्याइतकी घटली. माझं मत विचाराल तर, महागडं सिलिकॉन लवचिक ट्रेत भरण्यापेक्षा मध्यम दर्जाचं सिलिकॉन भक्कम ट्रेत भरलेलं बरं.

आता काही दवाखान्यांतून तोंडात फिरवायच्या स्कॅनरच्या फायली येतात. तिथं ट्रेचा प्रश्न नाही, पण हिरडीखाली दडलेलं किंवा रक्तानं झाकलेलं मार्जिन कॅमेऱ्यालाही दिसत नाही. दोरा घालून हिरडी बाजूला करावीच लागते.

पूर्ण कवळीला मात्र आमच्याकडं अजून स्पेशल ट्रे, म्हणजे त्या पेशंटपुरता अॅक्रिलिकमध्ये बनवलेला ट्रेच चालतो. अॅक्रिलिक घट्ट झाल्यावरही काही तास थोडं आकसत राहतं, म्हणून ट्रे आदल्या दिवशीच करून ठेवतो. अर्जंट म्हणून त्याच दिवशी मागितला तर नाही म्हणतो. आज मॉडेल आलं तर परवा सकाळच्या गाडीनं ट्रे मिळेल, त्याचे पैसे वेगळे लावत नाही.