तुम्ही विचारलेत म्हणून: ओशन कोर्सच्या दिवशी मी खोलीत का बसलो

बडोद्यात लग्नकार्यात, दांडिया बाजारातल्या दुकानात, रविवारी सकाळी राजवाड्याच्या गोल्फ मैदानावर पहिल्या टीशी (होलचा पहिला फटका मारायच्या जागी) उभा असताना, मला एकच प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदाचे लिहून टाकावे असे वाटते. अमेरिकेतल्या कियावा बेटावरची गोल्फची सहल मीच आठ महिने खपून आखली, ओशन कोर्स या तिथल्या समुद्रकाठच्या मैदानावर खेळायचा दिवस मीच सगळ्यांच्या गळी उतरवला, आणि त्या दिवशी मनगट आधारपट्टीत बांधलेले भावोजी हात गळ्यात अडकवून अठराही होल इतरांबरोबर चालून आले, तर मी धडधाकट असून खोलीत बसून राहिलो, हे कसे? आजवर मी पाठीचे कारण सांगत आलो. पाठ ठीक होती.

आधी एक गैरसमज दूर करतो. मी तीन ज्येष्ठ नागरिकांना काहीही माहिती न काढता मगरींच्या तोंडी नेले, असे जे बोलले जाते ते खरे नाही. साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटनजवळच्या या बेटावर हरणे बागांमधून फिरतात, बॉबकॅट नावाची रानमांजरे आहेत, आणि जवळपास प्रत्येक तळ्यात मगरीचे अमेरिकी भाऊबंद असलेले अ‍ॅलिगेटर आहेत, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. किंबहुना म्हणूनच ते ठिकाण मी निवडले. उंदीर मारण्याच्या विषामुळे तिथली रानमांजरे काही वर्षांपूर्वी झपाट्याने कमी झाली होती, हेसुद्धा मी जाण्यापूर्वी वाचलेले होते. ओशन कोर्सविषयी तर विचारूच नका. मैदानांचे रचनाकार पीट डाय यांनी तो 1991 च्या रायडर कपसाठी, म्हणजे अमेरिका आणि युरोपच्या संघांमधल्या स्पर्धेसाठी, बांधला. फेअरवे, म्हणजे टी ते होल यांमधले गवताचे पट्टे, उंच उचलले तर खेळताना समुद्र दिसेल ही सूचना त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस डाय यांची होती. 2021 ची पीजीए ही व्यावसायिक गोल्फपटूंची मोठी स्पर्धा तिथे 7,876 यार्डांवर खेळवली गेली आणि फिल मिकेलसनने ती पन्नासाव्या वर्षी जिंकली. ‘पन्नाशीच्या माणसाला जमते, तर आपण होलच्या जवळच्या, पुढच्या टीवरून का खेळू नये?’ हा माझा युक्तिवाद तिघांनाही पाठ झाला होता. प्रवासाचा विमाही मीच काढला होता, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही.

आता जे मी सहसा सांगत नाही ते. सहलीचा चार पानी आराखडा मी ऑगस्ट 2024 मध्ये करायला घेतला, म्हणजे बडोद्यात विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी नुकतेच उतरले होते, घराच्या भिंती अजून ओल्या होत्या आणि शहरातल्या वस्त्यांमधून मगरी पकडून नेण्याचे काम चालू होते. एका मगरीला तर दोन तरुणांनी स्कूटरवर आडवी धरून वनखात्याकडे पोचवले, ते दृश्य तुम्ही पाहिलेच असेल. पुढच्या वर्षीच्या गणनेत या नदीत 400 हून अधिक मगरी निघाल्या. अशा गावात वाढलेल्या माणसाला मगरीचे काय कौतुक, आणि कसली भीती? अ‍ॅलिगेटरपासून किमान 60 फूट दूर राहावे ही तिथली सूचना मी आराखड्यात लिहिली खरी, पण तिच्यापुढे कंसात माझी टिप्पणीही जोडली: ‘आपण काळ्या घोड्याच्या पुलावरून उभा जन्म मगरी पाहत आलो आहोत, आपल्याला सहा फूट पुरेत.’ वाचून सगळे हसले. भावोजी सर्वांत जास्त हसले. 2020 च्या मे महिन्यात त्याच बेटावर तळ्याकाठी अ‍ॅलिगेटरने एका महिलेचा बळी घेतला, ही ओळ पहिल्या खर्ड्यात होती आणि मी ती काढून टाकली, कारण आराखडा ताईच्या हाती पडला असता तर तिने भावोजींना पाठवले नसते. दिवस एप्रिलचे निवडले. तो या प्राण्यांच्या विणीच्या हंगामाचा आरंभ असतो आणि ते ऊन खायला काठावर येऊन पडतात, हे मी वाचले होते. पण हवा खेळायला उत्तम असते, हेही वाचले होते.

पहिला दिवस फार चांगला गेला. कॅप्टन सॅम्स इनलेट या खाडीपाशी आम्ही डॉल्फिनना मासे चिखलाच्या काठावर हाकलून स्वतःही त्यांच्यामागे अर्धे बाहेर झेपावताना पाहिले. ते नेहमी उजव्या कुशीवरच येतात, हे मी मोठ्या ऐटीत सांगितले आणि डॉल्फिनांनी माझी लाज राखली.

दुसऱ्या दिवशी, ओशन कोर्सवर नव्हे तर बेटावरच्या दुसऱ्या एका कोर्सवर, भावोजींचा आणि माझा सामना चालू होता. तेराव्या होलला मी एका होलने पुढे होतो. त्यांचा दुसरा फटका उजवीकडे वाहवत गेला आणि चेंडू तळ्याच्या उतारावर थांबला, पण लाल खुणांच्या अलीकडे, म्हणजे दंडाच्या (जादा फटका मोजला जाण्याच्या) क्षेत्राबाहेर. त्याच्यापासून आठ-दहा पावलांवर एक अ‍ॅलिगेटर शेपटी आमच्याकडे करून पडला होता. फार मोठा नव्हता. आमच्या पुलाखाली असले पुष्कळ दिसतात.

गोल्फच्या नियमावलीत 16.2 हा नियम नेमका याच प्रसंगासाठी आहे. चेंडूजवळ धोकादायक प्राणी असेल, मग तो विषारी साप असो, मधमाश्या असोत की अ‍ॅलिगेटर, तर खेळाडूने जिथे धोका नाही अशी जवळात जवळची जागा धरावी आणि तिथून एका क्लबच्या (गोल्फच्या काठीच्या) लांबीत, होलच्या अधिक जवळ न जाता, विनादंड चेंडू हातातून खाली सोडावा. मूळचा चेंडू आणायला जाण्याचीसुद्धा गरज नसते, खिशातला दुसरा चालतो. हा नियम मला तोंडपाठ होता आणि भावोजींना नव्हता, म्हणून ते वळले आणि त्यांनी मला विचारले, ‘काय रे, दंड पडेल का?’

उत्तर दोन शब्दांचे होते. पण विनादंड चेंडू सोडला तर त्यांना सपाट गवत मिळणार होते, तिथून ग्रीन, म्हणजे होलभोवतीचे बारीक कापलेले गवत, सरळ समोर होते, होल बहुधा त्यांच्या पदरात जाऊन सामना बरोबरीत येणार होता, आणि हा सगळा हिशेब माझ्या डोक्यात होऊन गेल्यावर मी म्हणालो, ‘पाहू या.’ त्यांनी ती परवानगी समजली. ‘सहा फुटांहून तर लांबच आहे,’ असे हसत म्हणून ते उतरू लागले आणि हातातल्या क्लबने चेंडू आपल्याकडे ओढून घेण्यासाठी वाकले. त्या प्राण्याने मान वळवली, जबडा उघडला आणि असा फुसकारा सोडला की कार्टमध्ये बसलेले दोघेही उठून उभे राहिले. मी ओरडलो तो त्यानंतर. भावोजी मागे सरले, ओल्या गवतावरून पाय निसटला आणि ते डाव्या हातावर पडले. अ‍ॅलिगेटर पाण्यात शिरून दिसेनासा झाला; त्याने एक पाऊलही आमच्या दिशेने टाकले नव्हते. भावोजींना उठवताना ते हळूच म्हणाले, ‘अरे, तूच तर लिहिले होतेस ना.’ ते सहा फुटांविषयी बोलत होते. नियमाची त्यांना कल्पनाच नव्हती.

इतक्या घाईच्या क्षणी नियम कोणाच्या तोंडात येतो, असे मी पुष्कळदा स्वतःची समजूत घालतो. मग लक्षात येते की तेवढ्याच क्षणात सामन्याचा हिशेब मात्र अचूक झाला होता. कधी वाटते, विनादंड आहे हे कळूनही ते चेंडू आणायला गेलेच असते. चारशे रुपयांचा चेंडू डोळ्यांसमोर सोडून देणारे ते नव्हेत. हे खरे असेल. पण ते ठरवण्याची संधी मी त्यांना दिली नाही, हेही तितकेच खरे आहे, आणि या दोहोंपैकी कोणते जास्त खरे ते मला अजून ठरवता आलेले नाही.

तिसऱ्या दिवशी, ओशन कोर्सच्या दिवशी, सकाळी भावोजी म्हणाले, ‘मला खेळता येणार नाही, पण तुमच्याबरोबर चालतो, तुझे फटक्यांचे कार्ड मी लिहितो.’ तेव्हा माझी पाठ दुखू लागली. काही जण म्हणतात की मी अ‍ॅलिगेटरला घाबरलो. कोणी तसे म्हटले की मी खोडून काढत नाही, कारण ते कारण पाठीपेक्षा बरे दिसते. खरी अडचण अशी होती की अठरा होलांत कुठेतरी त्यांनी मला पुन्हा नियम विचारला असता. आणि अठरा होलांत त्यांनी काहीच विचारले नसते, तर तेही मला सोसले नसते. भरलेली फी परत मिळाली नाही. खिडकीबाहेर एक हरणी शोभेच्या झुडपाची कोवळी पाने शांतपणे खात होती, आणि ज्या दृश्यासाठी मी आठ महिने घालवले ते पाहण्याऐवजी मी पडदा ओढून घेतला.

संध्याकाळी भावोजी ताजेतवाने होऊन आले. 1991 मध्ये युरोपच्या बर्नहार्ड लँगरचा जो पट (ग्रीनवरून चेंडू होलात ढकलण्याचा फटका) हुकला आणि रायडर कप अमेरिकेकडे गेला, तो जेमतेम सहा फुटांचा होता, हे त्यांना मीच केव्हातरी सांगितलेले. अठराव्या ग्रीनवर त्यांनी होलपासून सहा फूट पावलांनी मोजून पाहिले होते. ‘फारच कमी असतात रे सहा फूट,’ ते म्हणाले, आणि चहा मागवला.

नियम 16.2 विषयी मी त्यांना अजून बोललेलो नाही. ते हे वाचतील, ताईही वाचेल. तेराव्या होलचे काय करायचे यावर मात्र आमचा दर रविवारी वाद होतो: तो होल मी जिंकला, कारण त्यांनी खेळ सोडला, असे भावोजींचे म्हणणे, तो धरायचाच नाही असे माझे. कार्डावर ती चौकट कोरी आहे, आणि मी असा हट्ट का धरतो हे त्यांनी अजून मला विचारलेले नाही.