एक पान जास्त

२३ डिसेंबर २०२५
झेशूफजवळचं एक गाव, पोलंड

दुपारपासून रात्रीपर्यंत पिठात हात. उद्या विगिल्या. इथे ख्रिसमसचं खरं जेवण २५ तारखेला नसतं, २४ च्या संध्याकाळी असतं, आणि त्याची तयारी आठवडाभर चाललेली असते. बाब्चाने (आजीला इथे बाब्चा म्हणतात) बार्श्चसाठी बिटाचं पाणी केव्हाच बरणीत आंबवायला ठेवलंय. बरणी फडताळावर आहे, आणि येता-जाता तिचं झाकण उघडून वास घेणं हे घरातल्या प्रत्येकाचं काम आहे.

आज आम्ही उश्का केले. उश्का म्हणजे इवलेसे कान. आत सुकवलेल्या रानअळंब्यांचं सारण भरायचं आणि उद्या बिटाच्या सारात सोडायचे. मग प्येरोगी. अर्धगोल पारी, आत आंबवलेला कोबी नि अळंबी. बाब्चा काट्याने कडा दाबत होती. मी काही न बोलता एकाला मुरड घातली. दिवाळीच्या फराळातलं हे एवढंच मला येतं, तेही आजीने हातावर चापट्या मारून शिकवलं म्हणून. बाब्चाने तो उचलला, चष्मा लावून सगळीकडून फिरवून बघितला आणि उरलेलं सगळं पीठ माझ्या पुढ्यात सरकवलं. ८४ झाले. बोटं दुखतायत.

घरच्या बाईंना मी 'पानी' म्हणते. कुठल्याही बाईला आदराने हाक मारायची ही पद्धत, पण माझ्या कानाला अजूनही दर वेळी पाणीच ऐकू येतं. तर या पानींशी माझं दहा दिवस बिनसलंय. कारण खिडकी. इथे कडाक्याच्या थंडीतसुद्धा रोज सकाळी खिडक्या सताड उघडून घर 'वारवतात', नाहीतर म्हणे भिंतींना बुरशी येते. मी आपली हीटर ५ वर ठेवून, खिडकीच्या फटीला टॉवेल लावून झोपते. एकदा बालवाडीतून परत आले तर खोलीचा बर्फ झालेला. मी तोडक्यामोडक्या पोलिशमध्ये विचारलं, "ही खोली माझीच ना?" त्या भाषेत आर्जव कसं करतात ते मला येत नाही, त्यामुळे ते फार उद्धट झालं असणार. पानी काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींशी फार म्हणजे फारच नम्रपणे वागतोय.

२४ डिसेंबर, खरं म्हणजे २५ ची पहाट

झोप येत नाहीये, म्हणून लिहिते.

यंदापासून २४ तारखेला इथे सरकारी सुट्टी आहे. पहिलंच वर्ष. बाब्चाच्या मते सुट्टीने काही फरक पडत नाही, बायकांना पहिल्यापासून दुप्पट काम. सकाळपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं. उपास संध्याकाळपर्यंत. आपल्यासारखा खिचडी आणि वेफर्सचा नव्हे, खराखुरा. संध्याकाळच्या जेवणातही मांस नाही, मासा मात्र चालतो. (उपासाला मासा चालतो! हे आमच्या मालवणच्या मावशीला कळवायलाच हवं.) मी भारतीय म्हणजे शाकाहारीच असणार असं घरच्यांनी धरलं होतं, त्यामुळे या एका जेवणाची त्यांना काळजी नव्हती. मी कोल्हापूरची आहे, हे त्यांना नीट समजावून सांगायचं राहूनच गेलंय.

पूर्वी कार्प मासा जिवंत आणून दोन-तीन दिवस न्हाणीघरातल्या टबात सोडायचे. पोरं त्याला नाव ठेवायची, मग मारताना रडारड. यंदा तुकडे करून आणलेला होता. बाब्चाला हे पसंत नाही. तिने मागून आणवलेले दोन-चार खवले मात्र धुऊन सुकवले नि एकेक सगळ्यांच्या पाकिटात घातला. वर्षभर पैसा टिकतो म्हणे. माझ्याही पाकिटात एक आहे, एटीएम कार्डाच्या मागे.

आकाशात पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. इथे सूर्य साडेतीनच्या सुमारास मावळतो, पण आज आभाळ गच्च, रिपरिप पाऊस आणि अंगणभर चिखल. बर्फ नव्हताच. घरातला पाच वर्षांचा पोरगा काचेला नाक लावून बसला होता. साडेचारला बाब्चा उठली, त्याच्या डोक्यावरून बाहेर डोकावली आणि म्हणाली, "दिसली." कुणीही वाद घातला नाही.

पांढऱ्या टेबलक्लॉथखाली मूठभर गवत पसरलेलं, येशू गोठ्यात जन्मला म्हणून. खोलीभर सुक्या वैरणीचा वास. मी आत गेले नि समोर दिसली ती रिकामी खुर्ची धरून बसले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती जागा माझी नव्हती. विगिल्याच्या टेबलावर एक पान जास्त मांडतात, ताटली, काटा, पेला, सगळं. अचानक दार वाजवणाऱ्या परक्यासाठी, आणि घरातल्या गेलेल्या माणसांसाठीही. पितृपक्षातलं पान डोळ्यापुढे आलं आणि मी चटकन उठले. मला इतके दिवस वाटत होतं की या घरात अचानक आलेला परका म्हणजे मीच. पण माझी खुर्ची पलीकडे, पोराच्या शेजारी होती. तिच्यावर कुणीतरी उशी ठेवली होती, कारण मला टेबल उंच पडतं हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

जेवणाआधी ओप्वातेक. पापडाहून पातळ, बेचव, पांढरी चौकोनी चकती, तिच्यावर येशूजन्माचं चित्र उठवलेलं. प्रत्येकाने आपली हातात घ्यायची, एकेकासमोर जायचं, त्याच्या चकतीचा तुकडा मोडायचा, त्याला आपल्या चकतीचा मोडू द्यायचा आणि शुभेच्छा द्यायच्या. मनात म्हटलं, हा तर तिळगूळ! पण आपल्या तिळगुळाला वाक्य आयतं मिळतं. गोड बोला म्हटलं की सुटलो, बोलायचं काय ते पुढच्याने बघावं. इथे ज्याचं त्याला, त्याच्या तोंडावर, त्याच्या वर्षाबद्दल बोलायचं असतं. जादेक म्हणजे आजोबा. ते बाब्चाच्या कानाशी इतका वेळ काहीतरी बोलत होते की ती शेवटी डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेली.

माझ्यासमोर पानी आल्या. म्हणाल्या, "माझ्या घरात तुला थंडी वाजू नये." मी आठवडाभर पाठ केलेलं म्हणून दाखवलं, "आरोग्य, सुख, भरभराट." त्या थांबूनच राहिल्या. सगळे असंच म्हणतात, पण तेवढ्यावर भागत नाही. मला शब्द सापडेनात. शेवटी म्हटलं, "खिडकी... उद्यापासून... मी उघडते." पानी एवढ्या मोठ्याने हसल्या की पोरगा धावत आला. मग तेही सांगून झालं, की बुरशीवरून त्यांची सासूशी, म्हणजे बाब्चाशी, सुरुवातीची दोन वर्षं अशीच धुसफूस होती.

पदार्थ बारा, प्रत्येकाची चव घ्यायचीच. मोजताना ब्रेड आणि कोम्पोतसुद्धा धरले तेव्हा बारा भरले. बार्श्च दिसायला थेट तांबडा रस्सा, त्यामुळे पहिल्या घोटाला माझा मोठा अपेक्षाभंग झाला. आंबटगोड. तिसऱ्या घोटापासून आवडलं. कोम्पोत म्हणजे धुरावर सुकवलेल्या प्लमचं पाणी. मला त्याला थेट बंबातल्या पाण्याचा वास आला आणि पेला काही संपेना. हेरिंग माशाबद्दल न लिहिलेलंच बरं. कुत्या मात्र दोनदा घेतली. हो, कुत्याच. गहू, खसखस, मध, अक्रोड. नाव ऐकून मला हसू आवरेना, आणि चव घेतल्यावर गप्प झाले. आमच्याकडची गव्हाची खीरच, फक्त गूळ नाही आणि खसखस काळी.

शेवटी टेबलक्लॉथखालून प्रत्येकाने एक काडी ओढली. ज्याची लांब त्याला आयुष्य लांब. माझी मोडली. जादेक म्हणाले, मोडलेली धरत नाहीत, दुसरी घे.

मग त्यांनीच विचारलं, तुझं गाव नेमकं कुठे? मी वळिवडे सांगायला घेतलं. १९४० मध्ये रशियनांनी पोलंडच्या पूर्व भागातून उचलून नेलेली माणसं, सायबेरिया, १९४१ मध्ये सुटका, मग इराण. इथपर्यंत जादेकना माझ्याहून जास्त माहीत होतं, मलाच दुरुस्त करत होते. पण त्यातले सुमारे ५ हजार, बहुतेक बायका नि मुलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत येऊन १९४३ ते १९४८ राहिले, हे टेबलावर कुणालाच ठाऊक नव्हतं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातल्या स्मारकाचा फोटो दाखवला. वॉर्सॉतही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, हे सांगितल्यावर जादेकनी फोन स्वतःच्या हातात घेतला. पुढे त्याच बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. दर लग्नसराईला आम्ही तिथे कापड घ्यायला जातो. मीही त्या गल्ल्यांतून भाव करत हिंडले आहे आणि एकदाही मनात आलं नव्हतं की इथे कुणी गवत पसरून जेवायला बसलं असेल.

आज मात्र तेच मनात घोळतंय. कोल्हापूरला डिसेंबरात अंधार पडायला सहा वाजून जातात. पोरांना केवढा वेळ ताटकळावं लागलं असेल. चांदणी मात्र लख्ख दिसली असणार. खसखस बाजारात मिळाली असेल, पांढरी. अळंब्या कुठून आणल्या असतील? आणि तिथेही रिकामं पान मांडलं असेल का? परक्या मुलखात दार वाजवून आलेले पाहुणे तर तेच होते. पण मांडलंच असेल. गेलेली माणसं प्रत्येकीचीच होती.

मध्यरात्रीच्या पास्तेर्काला, म्हणजे प्रार्थनेला, आम्ही चालत गेलो. चर्च तुडुंब भरलेलं. मी मागे दाराशी उभी राहिले, पाय गारठले. गाणी मात्र सगळ्यांना पाठ, पुस्तक कुणाच्या हातात नव्हतं.

परत आल्यावर भांडी. रिकामं पान शेवटपर्यंत रिकामंच राहिलं होतं. ती स्वच्छ ताटली मी तशीच फडताळात ठेवायला लागले, तर बाब्चाने ती काढून पुन्हा सिंकमध्ये ठेवली.

२५ डिसेंबर

सकाळी खिडकी उघडली. पाच मिनिटं. मेले नाही.

आज कुणी कुठे जात नाही, कालचंच खायचं. पोरगा सकाळपासून रुसलेला. विगिल्याच्या मध्यरात्री जनावरं माणसासारखं बोलतात, म्हणून त्याने काल कुत्र्याला जनावरांसाठीचा गुलाबी ओप्वातेक भरवला होता आणि जागं राहायचं ठरवलं होतं. साडेनऊलाच झोपला. आता कुत्रा बोलेना.

दुपारी घरी फोन लावला. तिकडे संध्याकाळ, साडेचार तास पुढे. आईने फोन उचलताच विचारलं, "जेवलीस का?" मी बारा पदार्थांची यादी ऐकवली. ती म्हणाली, "आणि भात?"

पोरगा शेजारी बसून ऐकत होता. त्याने विचारलं, चोचा (मावशी-आत्याला हे असं म्हणतात), ती पहिल्यांदा काय म्हणाली? अर्थ सांगितला. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, कुत्र्याला पोलिश येतच नसेल तर? तो मुलगा आहे म्हणून 'जेवलास' म्हणायचं, एवढं मी शिकवलं. संध्याकाळ झाली तरी तो कोचाखाली डोकं घालून ओरडतोय, "जेवलास का? जेवलास का?" आणि कुत्रा शेपटी हलवतोय, कारण दर वेळी त्याला एकेक प्येरोग मिळतोय. मुरड घातलेले.