आमची वाटचाल: नायट्रोटोल्युइनपासून तृतीयक ॲमाइनपर्यंत

लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या कारखान्यात आजवर जे काही तयार झाले, ते सारे नायट्रोजनच्या अणूवरील इलेक्ट्रॉनांच्या एका एकाकी जोडीवर उभे आहे. अमोनियातील एक, दोन किंवा तिन्ही हायड्रोजनांच्या जागी कार्बनी गट आले की अनुक्रमे प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक ॲमाइन मिळते, आणि ती जोडी किती मोकळी आहे यावर त्या ॲमाइनचा स्वभाव ठरतो. सायक्लोहेक्झिलॲमाइनमध्ये ती पूर्ण मोकळी असते. ॲनिलीनमध्ये ती बेंझिनच्या वलयात काहीशी ओढली जाते, आणि म्हणून ॲनिलीन त्याहून सुमारे दहा लाख पटींनी दुर्बल आम्लारी ठरते. मुंबईच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञान विभागात, म्हणजे आजच्या आयसीटीत, शिकत असताना हा फरक मी परीक्षेपुरता पाठ केला होता. पुढे कोणता माल घ्यायचा आणि कोणता सोडायचा, हे बहुतेक वेळा त्याच फरकाने ठरवले.

माझे थोरले बंधू आणि मी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरा-टोल्युइडीन या बेंझिनच्या वलयावरील ॲमाइनपासून आरंभ केला. कृती जुनी आणि भरवशाची होती. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान बेशाँ यांनी 1854 मध्ये दाखवून दिले होते की, लोखंड आणि थोडे आम्ल यांच्या साहाय्याने नायट्रो गटाचे क्षपण होऊन, म्हणजे त्यातला ऑक्सिजन जाऊन हायड्रोजन येऊन, ॲमाइन मिळते. आम्ही रिअॅक्टरमध्ये पाणी, बिडाचा चुरा आणि अगदी थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल घेत असू, आणि वाफेने तापवून त्यात पॅरा-नायट्रोटोल्युइन हळूहळू सोडत असू. क्षपणासाठी लागणारे इलेक्ट्रॉन लोखंड देते, हायड्रोजन पाण्यातून येतो, आणि तयार झालेले टोल्युइडीन वाफेबरोबर ऊर्ध्वपातित होऊन थंड झाल्यावर पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात घट्ट होते. ते 44 अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे हिवाळ्यात ड्रममधला माल काढण्याआधी तो कोमट पाण्याच्या टाकीत ठेवावा लागे.

बेशाँच्या पद्धतीला आज अनेक जण कालबाह्य म्हणून मोडीत काढतात, ते मला पटत नाही. तिच्यात दाब नाही, हायड्रोजनचे सिलिंडर नाहीत, आणि भांडवल कमी असलेल्या माणसाला ती सुरक्षितपणे उभे राहू देते. तिची खरी अडचण हिशेबात दिसते. एक किलो टोल्युइडीन मिळवायचे तर समीकरणानुसार सुमारे 1.2 किलो लोखंड खर्च होते आणि सुमारे 1.6 किलो काळे लोह ऑक्साइड मागे उरते. प्रत्यक्षात त्यात पाणी आणि अडकलेले ॲमाइन धरून स्लजचे, म्हणजे उरलेल्या गाळाचे, वजन त्याहून बरेच वाढते. जर्मनीत 1920च्या दशकात याच अवशेषापासून लाल, पिवळी आणि काळी रंगद्रव्ये मिळवण्याची प्रक्रिया बसवण्यात आली होती, पण ती मोठ्या प्रमाणावर आणि अतिशय काटेकोर नियंत्रणातच परवडते. आमच्यासारख्यांच्या वाट्याला फिल्टर प्रेसमधून निघालेला तो गाळ धुऊन, वाळवून परवानाधारक विल्हेवाट केंद्राकडे पाठवण्याचा खर्च तेवढा येई, आणि उत्पादन वाढले की तोही त्याच प्रमाणात वाढे.

याच सुमारास दुसरा प्रश्न निर्यातदार ग्राहकांकडून आला. जर्मनीने 1994 मध्ये ठरावीक ॲरोमॅटिक (बेंझिनसारख्या वलयावरील) ॲमाइने मुक्त करू शकणाऱ्या ॲझो रंगांवर, म्हणजे नायट्रोजनच्या जोडीने बांधलेल्या रंगांवर, त्वचेच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंपुरती, बंदी आणली. त्या यादीत पॅरा-टोल्युइडीन नव्हते. त्याचे भावंड ऑर्थो-टोल्युइडीन, म्हणजे मिथिल गट समोर नसून शेजारच्या जागी असलेले, मात्र होते. टोल्युइनचे नायट्रीकरण केले की सुमारे 60 टक्के ऑर्थो आणि 37 टक्क्यांच्या आसपास पॅरा समघटक मिळतो, त्यामुळे विकत घेतलेल्या पॅरा-नायट्रोटोल्युइनमध्ये ऑर्थोचा अंश राहणे स्वाभाविक असते. क्षपणानंतर तो ऊर्ध्वपातनाने काढणे फार कठीण जाते, कारण दोन्ही टोल्युइडिनांचा उत्कलनबिंदू 200 अंशांच्या आसपासच आहे. नायट्रोच्या टप्प्यावर मात्र त्यांच्यात अंतर आहे: ऑर्थो सुमारे 222 अंशांना उकळतो, पॅरा सुमारे 238 अंशांना. म्हणून आम्ही पुरवठादाराकडे समघटकांच्या मर्यादेचा आग्रह धरला, प्रत्येक ड्रमची गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासणी सुरू केली, आणि शिवाय तयार टोल्युइडीन वितळवून सावकाश गोठवण्याचा टप्पा जोडला. पॅरा घट्ट होतो आणि ऑर्थो द्रवात मागे राहतो. या एका टप्प्याने आमच्या मालाला जी किंमत मिळवून दिली, ती कोणत्याही जाहिरातीने मिळाली नसती.

टोल्युइडीनचा मोठा भाग पुढे आम्ही स्वतःच रंगद्रव्यासाठी लागणाऱ्या फोर-बी ॲसिडमध्ये रूपांतरित करू लागलो. टोल्युइडीनचे सल्फेट ऑर्थो-डायक्लोरोबेंझिनमध्ये सुमारे 180 अंशांना तापवून पाणी सतत काढून घेतले की सल्फोनिक गट ॲमिनो गटाच्या शेजारी जाऊन बसतो. समोरची जागा मिथिल गटाने आधीच अडवलेली असते. या आम्लाचे 0 ते 5 अंशांना सोडियम नायट्राइटने डायझोकरण करून, म्हणजे त्याचे क्रियाशील डायझोनियम लवण बनवून, ते बीओएन ॲसिड या नॅफ्थॅलीनवर्गीय आम्लाशी जोडले आणि कॅल्शियमचे लवण बनवले की पिगमेंट रेड 57:1 मिळते. चौरंगी छपाईतील मॅजेन्टा शाई ती हीच. आपल्याकडच्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरचा लाल रंग पाहताना त्यामागचे रसायन मला नेहमी आठवते. डायझोनियम लवण थंड ठेवण्याला पर्याय नाही, कारण उष्णतेने त्यातला नायट्रोजन वायू निघून जातो आणि हाती फिनॉल उरते. ॲलिफॅटिक, म्हणजे बेंझिनचे वलय नसलेल्या, प्राथमिक ॲमाइनमध्ये तर ते थंडीतही टिकत नाही, आणि म्हणूनच रंगांची सारी दुनिया ॲरोमॅटिक ॲमाइनांवर उभी राहिली.

हायड्रोजनीकरणाकडे वळण्याचा निर्णय आम्ही बराच विचार करून घेतला. रेनी निकेल या सच्छिद्र निकेल उत्प्रेरकाच्या उपस्थितीत नायट्रो संयुगावर दाबाखाली हायड्रोजन सोडला की ॲमाइनसोबत फक्त पाणी मिळते, एक किलो टोल्युइडीनमागे सुमारे 340 ग्रॅम. स्लजचा प्रश्नच मिटतो. पण एका नायट्रो गटामागे मोलला सुमारे 550 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, उत्प्रेरक सुकला तर हवेत आपोआप पेट घेतो, आणि हायड्रोजन अपुरा पडला तर मध्येच अर्धवट क्षपण झालेले हायड्रॉक्सिलॲमाइन साठून राहण्याचा धोका असतो. म्हणून नायट्रो संयुग एकदम न भरता थोडे थोडे पंप करून घेणे, थंड करण्याच्या क्षमतेनुसारच वेग ठरवणे आणि उत्प्रेरक सदैव पाण्याखाली ठेवणे हे नियम आमच्याकडे बॅचशीटवर ठळक अक्षरांत असतात, आणि त्यांत सवलत मिळत नाही.

तीच काळजी माणसांबाबत. ॲनिलीन आणि टोल्युइडीन नुसत्या वाफेतूनच नव्हे तर कातडीतूनही शरीरात शिरतात आणि रक्तातील हिमोग्लोबिनचे प्राणवायू वाहून न नेणाऱ्या मेटहिमोग्लोबिनमध्ये रूपांतर करतात. ओठ आणि नखे निळसर पडतात. कपड्यांवर माल सांडला तर आधी कपडे बदलायचे, मग बाकीचे सारे, हे नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी शिकवले जाते. या विषबाधेवरचा उतारा, मिथिलीन ब्लू, स्वतः ॲमाइनांपासूनच बनतो. हाइन्रिश कारो यांनी तो 1876 मध्ये रंग म्हणून तयार केला होता.

हायड्रोजनीकरणासाठी ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाब सोसणारे बंद पात्र, हाती आल्यावर तृतीयक ॲमाइनांकडे जाणे सोपे झाले. ॲल्किल हॅलाइडने अल्किलीकरण करण्याचा मार्ग आम्ही सुरुवातीलाच बाजूला ठेवला, कारण तयार होणारे ॲमाइन मूळ ॲमाइनपेक्षाही तत्परतेने पुढची अभिक्रिया करते आणि अखेर नायट्रोजनवर चार कार्बनी गट असलेल्या चतुर्थक लवणापर्यंतचे सारे मिश्रण हाती येते. त्याऐवजी सायक्लोहेक्झॅनोन, डायमिथिलॲमाइन आणि हायड्रोजन एकत्र आणून आम्ही डायमिथिलसायक्लोहेक्झिलॲमाइन बनवतो. पाताळगंगेला आणि सोलापूरजवळ तामलवाडीला मिथिलॲमाइने तयार होत असल्याने कच्चा माल राज्यातच मिळतो. यातील खरी कसोटी वेगळी आहे. केटोनचे थेट क्षपण झाले तर सायक्लोहेक्झॅनॉल तयार होते, आणि त्याचा व आमच्या ॲमाइनचा उत्कलनबिंदू दोन्ही 160 अंशांच्या आसपास असल्याने ऊर्ध्वपातनाने ते वेगळे करता येत नाही. ते तयारच होऊ द्यायचे नाही, एवढाच मार्ग उरतो. डायमिथिलॲमाइन जास्त प्रमाणात ठेवून आणि निकेलऐवजी कार्बनवरील पॅलेडियम वापरून आम्ही ते साधले.

हे ॲमाइन फ्रिजच्या भिंतींतील कडक पीयू (पॉलियुरेथेन) फोमसाठी उत्प्रेरक म्हणून जाते. त्याच्या नायट्रोजनवर हायड्रोजन नसल्याने ते फोमच्या आयसोसायनेट या घटकाशी कायमचे जोडले जात नाही. त्याची इलेक्ट्रॉनजोडी अभिक्रिया घडवून आणते आणि पुन्हा मोकळी होते. मात्र फोममध्ये न अडकता राहिलेले ॲमाइन हळूहळू हवेत येते आणि त्याचा वास येतो, म्हणून मोटारींच्या आसनांसाठी फोम बनवणारे ग्राहक आता हायड्रॉक्सिल गट असलेली, फोमच्या जाळ्यात स्वतःच गुंतून राहणारी तृतीयक ॲमाइने मागत आहेत. आमच्या प्रयोगशाळेत सध्या त्यांच्याच छोट्या बॅच चालू आहेत.